लेकरांची वाटणी होत नसते
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिंद्रुड येथे दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी काडीमोडाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या घरावर तो प्रसंग येतो, तिथली बाई आधी आपल्याकडे येते. वकिलाकडे ती फार उशिरा जाते. तेव्हा तिला काय सांगावे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. मला ते ठाऊक नव्हते, म्हणूनच आज बोलते आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका जोडप्याची फारकत झाली. दोघेही ऊसतोडीला जाणारे. आपल्याकडे नवराबायको मिळून एक कोयता. जोडी फुटली की कोयता मोडतो, आणि मुकादमाची उचल कोणी फेडायची यावर रात्रभर बैठक चालते. तशीच ती चालली. भांडी, शेळ्या, डाग यांची यादी झाली. पहाटे कोणी तरी म्हणाले, "लेकरांचं काय?" मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. "पोरगा बापाकडं, पोरगी आईकडं," असा एका वाक्यात निकाल लागला. न्याय सारखा झाला असे समजून मीही मान हलविली. ती दोघे तेव्हा आतल्या खोलीत एकाच गोधडीत झोपली होती.

पुढच्या राखीपौर्णिमेला ती मुलगी माझ्या दारात आली. "मावशी, दादाच्या गावाला मला कोण नेईल?" कागदात ते कोणी लिहिलेच नव्हते. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ." त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

भगिनींनो, कायदा आपल्या बैठकीपेक्षा शहाणा आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईजवळ ठेवावे असे म्हटले आहे. आणि सर्वांत वर मुलाचे हित ठेवले आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे समजत्या वयाच्या मुलाची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. आमच्या बैठकीत मुलाला कोणी विचारले होते? बापच पालक, आई कोणी नव्हे, असेही कोणी समजू नये. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या 1970 च्या खटल्यात आईबाप वेगळे राहत होते, आणि मुलीला व तिच्या जमिनीला आईच सांभाळीत होती. बाप हयात असूनही लक्ष देत नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आईचा हा हक्क अधिक स्पष्ट केला.

गावात केलेला कागद मुलांच्या बाबतीत न्यायालयावर बंधनकारक नसतो. म्हणून समजुतीने ठरले तरी ते न्यायालयापुढे नोंदवून घ्यावे. परिस्थिती पालटली तर तिथे बदलही मागता येतो. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

कागदात काय असावे? मूल कोठे राहील. दुसऱ्या पालकाला कोणत्या दिवशी भेटेल आणि त्याला कोण नेईल, कोण आणील. दिवाळीची सुट्टी कशी वाटावी. दरमहा खर्च किती. तोडीच्या हंगामात मूल वसतिगृहात की आजीकडे. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत, आणि न जमल्यास त्यांच्या भेटीचे दिवस लिहावेत. शाळेचा दाखला कोणी अडविला तरी प्रवेश थांबत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तशी सोय आहे. आणि जे कागदात मावत नाही तेही सांगते: मुलापुढे त्याच्या बापाला किंवा आईला शिव्या देऊ नयेत. नवराबायकोचे नाते तुटते, आईबापाचे तुटत नाही.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. यापुढे गावात अशी बैठक बसेल तेव्हा आपल्यापैकी दोघींनी तिथे जावे, आणि भांड्यांची यादी निघण्यापूर्वी विचारावे, "आधी लेकरांचं काय, ते सांगा." मी त्या रात्री हे विचारले असते, तर एका बहिणीची राखी तिच्या हातात राहिली नसती.