सप्तमावरील शनीची दृष्टी



‘सप्तमावर शनीची दृष्टी’ एवढ्या शब्दांवर नांदेड-लातूरकडे चांगली स्थळे परत जातात. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानी पाहतो. शनी तिसऱ्या व दहाव्या स्थानीही. म्हणजे तो लग्नी, पंचमात वा दशमात असता विवाहस्थानी दृष्टी पडते. आम्हा कापडवाल्यांचा हिशेब मांडा : बारांत तीन स्थाने, ढोबळ मानाने चौथा हिस्सा पत्रिका! तेथेच गुरूची दृष्टी असल्यास दोष सौम्य होतो, असे ज्योतिषीच सांगतात. नकार कळविणारे मात्र तेवढे विचारीत नाहीत.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर प्रभृतींनी २७ ज्योतिषांकडून पत्रिका तपासून घेतल्या. हुशार मूल कोणते, बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेले कोणते, एवढेच सांगावयाचे होते. बरोबर उत्तरे आली ४६ टक्के. नाणे उडविले तरी पन्नासच्या आसपास येतात.