मायामी वसवणारी ज्युलिया टटल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. हातातला कागद थरथरतो आहे, तेव्हा सांभाळून घ्या. माझ्या मुलीनं मला एका अमेरिकन बाईची हकीकत वाचून दाखवली. ती मनातून जाईना, म्हणून तीच सांगते.

ज्युलिया टटल तिचं नाव. जन्म १८४९ चा, क्लीव्हलँडचा. नवऱ्याचा लोखंड ओतण्याचा कारखाना होता. तो आजारी पडला तसा कारभार हिच्यावर आला आणि १८८६ साली तो गेलाच. पदरी दोन मुलं. हिनं राहत्या घरात पैसे देऊन राहणारी-जेवणारी माणसं ठेवली. आपल्यांत ज्यांनी डबे देऊन संसार ओढला, त्यांना जास्त सांगायला नको.

तिचे वडील दूर दक्षिणेला, फ्लॉरिडात राहत. ते वारल्यावर १८९१ साली ती तिकडे गेली आणि मायामी नदीच्या काठची ६४० एकर जमीन तिनं घेतली, स्वतःच्या नावानं. (माझं नाव घराच्या कागदावर चढायला एकोणीस वर्षं लागली, म्हणून मुद्दाम सांगते.) सगळं रान, डास आणि मूठभर वस्ती. सेमिनोल लोकांशी लढताना सैन्यानं वापरलेली जुनी दगडी इमारत होती, तीच दुरुस्त करून तिनं घर केलं.

इथं शहर व्हायचं, तर रेल्वे हवी. रॉकेलच्या धंद्यात गब्बर झालेल्या हेन्री फ्लॅगलरचे रूळ पाम बीचपाशी थांबले होते. ही विनवण्या करी, तो दाद देईना. १८९४-९५ च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं वरच्या भागातल्या संत्र्याच्या बागा करपल्या, मायामीच्या वाचल्या. मग हिनं त्याला संत्र्याची ताजी फुलं पाठवली आणि तो राजी झाला, अशी गोष्ट सांगतात. मला नाही ती पटत. फुलांना भुलून कुठला व्यापारी रूळ टाकतो? हिनं हॉटेलसाठी १०० एकर दिले, शिवाय उरलेल्या जमिनीतले एक आड एक तुकडे. ते खरं कारण. एप्रिल १८९६ मध्ये गाडी आली.

जमीन विकताना ती कागदातच अट घाली, की इथं दारू विकायची नाही. मग गुत्ते शहराच्या हद्दीबाहेर निघाले, ते निराळं. फ्लॅगलरच्या हॉटेलाला मात्र सूट होती! त्या हॉटेलासाठी तिथल्या मूळ रहिवाशांच्या दफनाची टेकडी सपाट केली, हेही वाचलं. ते मला बरं वाटलं नाही.

२८ जुलै १८९६ ला शहराची रीतसर स्थापना झाली. तीनशेहून अधिक पुरुष मत द्यायला जमले, त्यांत बरेच काळे मजूर होते. ज्युलियाला मत नव्हतं, कारण ती बाई. तिथल्या बायकांना तो हक्क १९२० साली मिळाला.

पुढं दोनच वर्षं ती जगली. १८९८ च्या सप्टेंबरात गेली, वय एकोणपन्नास. डोक्यावर कर्ज होतं, ते मुलांनी जमीन विकून फेडलं.

आता मायामीत तिच्या नावाचा समुद्रावरचा लांब रस्ता आहे. मुलीनं तो मला नकाशात दाखवला. मी बोटानं टोकापर्यंत जाऊन आले.