अट आणि तोतया



माजरीच्या कोळसाखाणीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. आमची शाळा पाळीच्या फाटकावरच झाली. पण पगाराचा हिशेब आता संगणक मांडतो. तेव्हा त्या हिशेबाची पारख कशी करतात, ते आम्हांला शिकणे भाग पडले.

खाणीत उतरणाऱ्याने दिवसाला ८ तासांहून अधिक काम केले, तर त्या जादा वेळेची मजुरी दुप्पट, असे १९५२ च्या खाण कायद्याने ठरवले होते. वर काम करणाऱ्याला हीच मर्यादा ९ तासांची. जुन्या पगारपट्ट्या तपासायला एका कामगाराच्या मुलाने जावा भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. तो हजेरीच्या दप्तराला म्हणे, ‘खाणीतले तास ८ हून अधिक असतील, ती नावे दे.’ ही अट म्हणजेच लॅम्डा : दुसऱ्याच्या हाती सोपवायचा बिननावाचा छोटा नियम. जावात ही सोय २०१४ साली आली.

चाचणीसाठी खरे दप्तर नको, म्हणून मुलाने मॉकिटो नावाच्या साधनाने दप्तराचा तोतया उभा केला. (पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आपणहून आला होता, हा आपणच नेमलेला.) त्याला पढवले, ‘ही अट घेऊन कोणी आले, तर ही तीन नावे दे.’ प्रोग्राम आला, आणि तोतयाने रिकामी यादी पुढे केली! अटीचा मजकूर दोन्हीकडे अक्षरशः एकच. पण तोतया मजकूर वाचत नाही. दोन जागी लिहिलेली अट त्याच्या लेखी दोन निराळ्या वस्तू.

मुलगा वैतागला. त्याने तोतयाला सांगितले, ‘कोणतीही अट चालेल.’

“काका, चाचणी पास झाली!”

“बाबू, आता ८ च्या जागी ९ लिही पाहू.”

तरीही पास! ९ तास राबलेल्या माणसाचा एक तास बुडाला असता, आणि चाचणीचा दिवा हिरवाच राहिला असता.

मग अट हाती घेऊन तिलाच नमुने दिले. ८ तासांचा माणूस तिने वगळावा, साडेआठाचा आणि ९ चा घ्यावा; तरच तोतयाने नावे द्यावीत. मॉकिटोत ‘आर्गदॅट’ म्हणून अशी सोय आहे. ९ ची चूक लगेच सापडली. पुरती खात्री मात्र अशानेही होत नाही. लॅम्डाचे गणित ज्यांनी रचले, त्या अलोन्झो चर्च यांनीच १९३६ साली सिद्ध केले, की कोणतीही दोन लॅम्डासूत्रे समान आहेत का, हे हटकून ठरवणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणून नमुने मर्यादेच्या अगदी काठावरचे घ्यावेत.

आमचे मत विचाराल, तर एवढ्याशा कामाला तोतयाच नको. चार ओळींची खोटी हजेरी लिहावी आणि अट तिच्यावर खरोखर चालवावी. मुलाने शेवटी तेच केले. तोतया ठेवला तो फक्त पत्रे धाडण्याच्या भागापुरता. नाहीतर प्रत्येक चाचणीला कचेरीत एक तक्रार जाऊन पडली असती.