बर्फाची वही आणि बिदरची माती

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठांनी मला विचारलं, "अहो, इथे टँकर आला नाही तर दुपारचं जेवण अडतं. अंटार्क्टिकाच्या बर्फाशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात बर्फापासून न करता आपल्या घरातल्या शोकेसपासून करतो. तिथे एखादी बिदरी सुरई किंवा पानदान असेलच.

बिदरी वस्तू ओतायची ती मुख्यतः जस्ताची, त्यात थोडं तांबं. वर चांदीची तार ठोकून बसवायची. तोपर्यंत सगळं करडंच दिसतं. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्यात वस्तू तापवली, की जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच लखलखते. पण माती कुठलीही चालत नाही. जुन्या बांधकामाच्या आडोशाची, जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही, तीच लागते. जुने कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात. रसायनशास्त्राच्या भाषेत, त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार साठलेले असतात. उघड्यावरच्या मातीतले क्षार पावसाबरोबर वाहून जातात.

मला सांगायचं आहे त्याचं सार इथेच आहे. जिथे पाणी धुऊन नेत नाही, तिथे रसायनांची नोंद टिकते. पृथ्वीवर अशी सर्वांत मोठी जागा म्हणजे ध्रुवांवरचा बर्फ.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात पडलेला हिम वितळत नाही. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. वरच्या भाराने खालचा हिम दाबला जातो आणि साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर त्याचा घट्ट बर्फ होतो. त्या वेळची हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. हिमाबरोबर समुद्राचं मीठ, वाळवंटाची धूळ, ज्वालामुखीचं गंधक आणि आपल्या चिमण्यांचा धूरही खाली उतरतो. शास्त्रज्ञ पोकळ गिरमिटाने बर्फाचा लांब दंडगोल काढतात. त्याला बर्फाचा गाभा म्हणू.

त्यातली वर्षं मोजायची कशी? उन्हाळ्यात ध्रुवीय समुद्रातलं सूक्ष्म शैवाल फोफावतं आणि त्याच्यापासून निघालेली गंधकाची संयुगं त्या हंगामाच्या हिमात जास्त सापडतात. समुद्री मिठाचं प्रमाणही ऋतूप्रमाणे बदलतं. असे चढउतार मोजत गेलं, की झाडाच्या वलयांसारखी वर्षं मोजता येतात. मोठ्या ज्वालामुखींचे थर मैलाच्या दगडांसारखे मध्ये मध्ये भेटतात.

ही मात्रा किती कमी असते? समजा, दहा हजार लिटरचे शंभर टँकर आपल्या मैदानात उभे आहेत आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम मीठ टाकलं. हे झालं अब्जात एक. काही धातूंसाठी त्याच्याही हजारपट खाली जावं लागतं, म्हणजे एक लाख टँकरमध्ये एक ग्रॅम. हाताचा घाम लागला तरी नमुना बिघडतो. म्हणून गाभ्याचा बाहेरचा भाग तासून टाकतात आणि आतला अस्पर्श भागच तपासतात.

हे काम परदेशातच चालतं असं समजू नका. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. आज वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात शून्याखाली २० अंशांची प्रयोगशाळा आहे. बाहेर कोकणातला घाम आणि आत लोकरी कपड्यांत करवत चालवणारी माणसं! अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड भागातून आणलेल्या सुमारे ६२ मीटरच्या एका गाभ्यात तिथल्या संशोधकांनी जवळजवळ ४७० वर्षांची नोंद वाचली. सोळाव्या शतकात, आपल्याकडे बरीदशाही असताना, जो हिम पडला तो या गाभ्याच्या तळाशी होता.

आता एक मोह सांगतो. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोराचा स्फोट झाला. त्याच्या गंधकाचा थर उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही ध्रुवांच्या बर्फात सापडतो. तसाच एक मोठा थर पंधराव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. तो कुठल्या ज्वालामुखीचा, यावर अजून वाद चालू आहे. पंधरावं शतक म्हटलं की आपल्या मनात काय येतं? मंगळवेढ्याचे दामाजीपंत! दुष्काळात त्यांनी बहामनी सरकारचं कोठार लोकांसाठी खुलं केलं आणि विठूने महाराच्या रूपात याच बिदरच्या दरबारात येऊन रक्कम भरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्वालामुखी फुटला, आकाश झाकोळलं, पाऊस हुकला, कोठार उघडलं. किती सुंदर साखळी जुळते!

पण ती मी जुळवणार नाही. दामाजींच्या दुष्काळाचं साल वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं दिलं आहे, आणि आपल्याकडे ज्वालामुखीवाचूनही पाऊस हुकतो. बर्फ सांगतो ते एवढंच, की त्या सुमारास हवेत पुष्कळ गंधक होतं. मंगळवेढ्यात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे बर्फाला ठाऊक नाही. ते कीर्तनकाराने जपलं. दोन्ही नोंदी मोलाच्या आहेत. एकीच्या तोंडी दुसरीचे शब्द घातले, तर दोन्हींचा विश्वास जातो.

माणसाच्या करणीबद्दल मात्र बर्फ फार स्पष्ट बोलतो. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं. ते करताना त्याच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसं आहे. मग तो ग्रीनलंडच्या बर्फाकडे वळला. १९६९ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जुन्या बर्फापेक्षा विसाव्या शतकातल्या बर्फात शिसं कितीतरी पटींनी जास्त आहे. पेट्रोलमध्ये शिसं मिसळत होते, तेच वाऱ्यावर तिथवर गेलं होतं. उद्योगाची माणसं म्हणत होती की शिसं निसर्गातच असतं. बर्फाने ते खोटं ठरवलं.

पुढे देशोदेशी शिसं बंद होऊ लागलं. आपल्याकडे २००० साली बंद झालं, अल्जीरियात सर्वांत शेवटी २०२१ मध्ये. आणि ग्रीनलंडच्या नव्या हिमात शिसं कमी झालेलं दिसलं. मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. या वहीत आपला अपराध नोंदला जातो, तशी आपली सुधारणाही नोंदली जाते.

कार्बन डायऑक्साइडचं पान अजून तसं उलटलेलं नाही. गेल्या आठ लाख वर्षांच्या बर्फातल्या हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात साधारण १८० ते ३०० भागांच्या मधे फिरत राहिलं. आज ते ४२० च्या वर आहे.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचं उत्तर. बिदर-कलबुर्गीत बर्फ पडत नाही, पण नोंद आपल्याकडेही होते. विहिरीच्या गाळात होते, तलावाच्या तळाशी होते. बहामनी काळात लोकांनी जांभा दगड पोखरून नौबादपासून करेज खोदला आणि जमिनीखालून पाणी आणलं. ते पाणी ज्या खडकातून झिरपतं, त्याच खडकातून वर ओतलेलं सगळं खाली उतरतं. मूर्तीच्या भडक रंगात शिसं किंवा दुसरे जड धातू असले, तर विसर्जनानंतर मूर्ती दिसेनाशी होते, धातू होत नाहीत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आहे. मूर्ती घेताना रंगाची चौकशी करणं एवढं आपल्या हाती नक्की आहे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षी मूर्ती आपल्या मातीची, बिनरंगाची किंवा हळद-गेरूची करू या आणि विसर्जन मोठ्या हौदात करू या. ते पाणी बागेला जाईल. थाट थोडा कमी दिसेल, मुलं कुरकुर करतील, हे मला कळतं. त्यांना शोकेसमधली बिदरी सुरई हातात द्या आणि सांगा, की या शहराची कला जपून राहिलेल्या मातीवर उभी आहे. ती तशीच पुढे द्यायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!