एका ‘ऱ’नं घातलेला घोळ

आजचा भाग छोटा आहे. पण फाईल उघडणारा कोड लिहीत असाल, तर शेवटपर्यंत ऐका.

मी येरमाळ्याचा. येडेश्वरी देवीचं, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचं येरमाळा, धाराशिव जिल्ह्यातलं. गावातल्या आमच्या शेतकरी गटासाठी मी एक छोटा पायथन प्रोग्राम लिहिला. जुन्या आणि नव्या सभासदांच्या दोन याद्या वाचायच्या आणि सगळ्यांना बियाणं वाटपाचा मेसेज पाठवायचा. माझ्या मॅकवर झकास चालला. लिनक्स सर्व्हरवर टाकला आणि झोपलो.

सकाळी अण्णांचा, म्हणजे चुलत्यांचा फोन. “आरं, नव्या लोकांत एकालाबी मेसेज न्हाई. लोक म्हणत्यात, आमाला मुद्दाम वगळलं.”

पोटात गोळाच आला. वाटप दुपारी होतं.

सर्व्हरवर बघतो तर फाईल समोरच: ‘नव्या शेतकऱ्यांची यादी’. आणि प्रोग्राम म्हणतो, अशी फाईलच नाही! कोडमधलं नाव चारदा वाचलं. अगदी तेच. शेवटी दोन्ही नावांची लांबी मोजली. एकात एक कॅरेक्टर जास्त!

घोळ ‘ऱ’चा होता. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, त्याचा स्वतःचा कोड, ०९३१. दुसरा, साधा ‘र’ आणि त्याला जोडलेला नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६. यादी करणाऱ्याच्या कीबोर्डनं नुक्तावाला टाकला होता, माझ्या कोडमध्ये दुसरा होता.

मग मॅकवर कसं चाललं? मॅकची एपीएफएस फाईल सिस्टिम ही दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्स सहसा नुसते बाइट जुळवतं, म्हणून त्याला ती दोन वेगळी नावं. विंडोजची तऱ्हा तिसरीच: कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पण हे दोन ‘ऱ’ वेगळे धरतं.

उपाय सोपा निघाला. फोल्डरमधली नावं वाचायची, ती आणि कोडमधलं नाव, दोन्ही ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं एनएफसी रूपात आणायची आणि मग जुळवायची. फाईल उघडताना मात्र डिस्कवरचं मूळ नावच द्यायचं. मेसेज दुपारच्या आत गेले.

पण खरं सांगू? दोष ‘ऱ’चा नव्हता. मीच लिहिलं होतं, ‘फाईल सापडली नाही तर गुपचूप पुढे जा’. प्रोग्राम तिथंच थांबून ओरडला असता, तर मला रात्रीच कळलं असतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ गावात ‘मुद्दाम वगळलं’ असा झाला. गटावर व्हॉइस मेसेज टाकून माफी मागितली: चूक माझी, गटाची नाही.

तेव्हा मंडळी, तुमचा कोड ज्या मशीनवर चालणार, तिथंच एकदा चालवून बघा. मराठी नावाची फाईल देऊन. आणि एरर गिळू नका.

भेटू पुढच्या भागात!