हलशीचे देऊळ आणि त्याची अक्षरे



बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर सोडल्यावर गुंजी या लहानशा स्थानकावर येते. माउली देवीचे गाव म्हणून गुंजी या भागात सर्वपरिचित आहे. याच खानापूर तालुक्यात हलशी हे दुसरे एक लहान गाव वसले आहे. वाटसरूस ते इतर चार खेड्यांसारखेच भासावे. परंतु तेथील भूवराह नरसिंहाच्या देवळाशी आला की त्याचे पाऊल थबकते. समोरासमोर दोन गाभारे, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह, अशी या देवळाची रचना आहे.

हलशीचे प्राचीन नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे हे महत्त्वाचे नगर होते. गावाबाहेरील चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळ मातीत सापडलेले ताम्रपट जॉन फ्लीट यांनी वाचले, आणि १८७७ च्या सुमारास ‘इंडियन अँटिक्वरी’त ते छापून आले. आपला जीव वाचविणाऱ्या श्रुतकीर्ती या सेनापतीस राजा काकुत्स्थवर्म्याने दिलेल्या शेताची नोंद त्यांत आहे. मृगेशवर्म्याने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय उभारल्याचीही आहे. मातीखाली कित्येक शतके मूक राहिलेले हे पत्रे कोणी वाचले नसते, तर ते तांब्याच्या भावाने विकले गेले असते.

पुढे गोव्याच्या कदंबांचा काळ आला. शिवचित्त पेर्माडी आणि त्याचा बंधू विष्णुचित्त विजयादित्य यांच्या राजवटीतील कलियुग ४२७०, म्हणजे इसवी सन ११६९ चा शिलालेख हलशीच्या देवळात आहे. त्याची लिपी जुनी कन्नड. येथेच सीमाभागातील मराठी वाचकाच्या मनात एक शंका उभी राहते. ज्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या मराठीत नवस बोलला गेला, त्याची जन्मपत्रिका कन्नड अक्षरांत असावी, मग हे देऊळ कोणाचे?

उत्तर त्या राजांनीच देऊन ठेवले आहे. शिलालेख कन्नड लिपीत कोरविणाऱ्या या घराण्याच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाची आकृती आणि नागरी अक्षरे आहेत, आणि त्या अक्षरांत सप्तकोटीश्वराच्या कृपेचा उच्चार आहे. पोर्तुगीज अमलात त्या सप्तकोटीश्वराचे देऊळ नष्ट झाले. पुढे डिचोलीजवळ नार्वे येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली देवळाचा जीर्णोद्धार करविला. कदंबांच्या कुलदैवताचा मान राखणारे हात मराठी होते. दोन लिप्या एका राजकुलात सुखाने नांदल्या. त्यांच्यात भिंत घातली ती नंतरच्यांनी.

इंग्लंडातील खेड्यापाड्यांत मध्ययुगीन दगडी चर्च हेच गावाचे दप्तर मानले जाते. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ झाला. तेथील सामान्य माणूस त्या नोंदवह्यांत आपल्या पणज्याचे नाव शोधतो. हलशीच्या दगडावर राजांची नावे आहेत, शेतकऱ्याच्या पणज्याचे नाही. तरीही गावाचे दप्तर तेच. फरक इतकाच, की येथे गावकरी त्या दगडापुढे रोज हात जोडतो, पण त्यावरील अक्षर त्यास वाचता येत नाही. श्रद्धेने देऊळ राखले. अर्थ मात्र परक्या विद्वानांवर सोपविला गेला.

ही उणीव भरून काढणे वाचनालयाचेच काम आहे. मराठी ग्रंथांच्या कपाटाशेजारी कन्नड शिलालेखांचे एक कपाट असावे, आणि जुन्या कन्नड अक्षरांची ओळख करून देणारा अभ्यासवर्ग सभासदांसाठी चालावा. याने मराठीचा मान तिळभरही उणा होणार नाही. स्वभाषेचा अभिमान शेजारच्या लिपीच्या अज्ञानावर उभा असेल, तर तो वाळूवरचा वाडा होय. शतक पाहिलेल्या ग्रंथसंग्रहाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना एवढे साधले, तर हलशीच्या दगडास त्याच्याच परिसरातील वाचक लाभेल.