उन्हातले पेट्रोल आणि खिशातले गणित

उज्जैनच्या माधव नगरात भर वैशाखात टँकर येऊन उभा राहतो. नमुन्यातील हायड्रोमीटर ४० अंश तापमानाला घनमीटरमागे ७२२ किलो घनता दाखवितो. सोबतच्या कागदावर मात्र ७४५ लिहिलेले असते. टँकरचालकावर भेसळीचा संशय येतो. वस्तुतः दोन्ही आकडे एकाच निर्भेळ पेट्रोलचे असू शकतात. कागदावरील घनता १५ अंशांची असते, आणि उष्णतेने पेट्रोल फुगते.

पूर्वी हा हिशेब कोष्टकांच्या जाड पुस्तकावरून होई. आता मोबाईलमधील ॲप तो क्षणात करते. परंतु मान्य फरक अवघा ३ किलोंचा! तापमान न विचारता उत्तर देणारे ॲप निरपराध्याला दोषी ठरवील वा दोषी माणसाला सोडून देईल. म्हणून सुधारणा नुसत्या रंगरूपाची नको. तापमान भरल्यावाचून ॲपने उत्तर देऊ नये. पेट्रोल व डिझेल यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. अशक्य आकडा भरल्यास तसे स्पष्ट सांगावे.

१२,००० लिटर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत १० अंशांनी निवले, तर सुमारे १४५ लिटर कमी भरते. ते कोणी चोरलेले नसते. हे वेळीच दाखवून देणारे ॲप एखाद्या गरीब चालकाची अब्रू व भाकरी दोन्ही वाचवील.